साडेतीन मीटर पाइपात एक विहीर

हिशेबाला माप लागतं, आणि खानदेशात विहिरीइतकं ओळखीचं माप दुसरं नाही. तेव्हा विहीरच घेऊ. शहाद्याकडच्या एखाद्या पपईच्या मळ्यातली, चांगली बांधीव, व्यास ६ मीटर, खोली १२ मीटर. कडेला स्टार्टरची पेटी, आत उतरलेला मोटारीचा काळा पाइप, मे महिन्यात तळाशी गुडघाभर पाणी. ही विहीर पाण्यानं काठोकाठ भरली तर ३४० टन पाणी मावतं. आता पाणी काढून टाका आणि कार्बन डायऑक्साइड भरा. किती मावेल? ६२५ किलो! सहा-साडेसहा क्विंटल. बाजार समितीत मिरचीची छोटी गाडी येते, तेवढंच वजन.

उलट्या बाजूनं बघा. एक टन कार्बन डायऑक्साइड ठेवायचा तर १.६ विहिरी लागतात. भारत वर्षाला ढोबळमानानं ३०० कोटी टन सोडतो, म्हणजे माणशी दोन टन. प्रत्येकाच्या नावावर दरसाल सव्वातीन विहिरी धूर. पाच माणसांच्या घराला सोळा विहिरी! (धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस आणि मलबार हिलवरचा माणूस यांची ही सरासरी आहे, एवढं लक्षात असू द्या.)

हा धूर हवेत जाऊ न देता पकडायचा, पाइपातून न्यायचा आणि जमिनीत खोल गाडायचा, असा बेत जगभर चालू आहे. नीती आयोगानं नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर एक अहवाल काढला. त्यातलं उद्दिष्ट असं: २०५० पर्यंत भारतानं वर्षाला ७५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड पकडावा. पंचाहत्तर कोटी टन. वाचताना डोळा सहज पुढं सरकतो, कारण कोटी आपल्याला रोजचे झालेत. म्हणून तो आकडा जरा मोजूनच बघू.

भारतीय रेल्वेनं २०२४-२५ या सबंध वर्षात जेवढा माल वाहिला, त्यात कोळसा आला, सिमेंट आलं, लोखंड, खत, धान्य, कंटेनर, सगळं आलं, तो होता सुमारे १६२ कोटी टन. पकडायचा धूर त्याच्या निम्म्याला थोडाच कमी! चार हजार टनांची कोळशाची मालगाडी धरली तर रोज ५१४ मालगाड्या. दर पावणेतीन मिनिटांना एक. फाटक उघडायचंच नाही. एक गाडी साडेसहाशे मीटर लांब धरा आणि एका दिवसाच्या गाड्या एकीमागे एक उभ्या करा. मुंबई सेंट्रलपासून लावत गेलात तर सुरतेच्या अलीकडंच उधन्याला रांग तापी लाइनवर वळेल आणि शेवटची गाडी व्याऱ्याच्या पुढं, नवापूरच्या दिशेनं तोंड करून उभी राहील. ही सोमवारची रांग. मंगळवारी दुसरी.

आणि हे वजन झालं. आकारमान पाहिलं तर डोकं गरगरतं. ७५ कोटी टन वायू मोकळा सोडला तर १२० कोटी विहिरी भरतात. २०११ च्या जनगणनेत आपण १२१ कोटी होतो. म्हणजे त्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक नावामागे एक विहीर, दरसाल नवी! उकाई धरण नवापूरकरांना सांगायला नको, त्याचा फुगवटा त्यांच्या दारात येतो. ते भरलं की ७४० कोटी घनमीटर पाणी होतं. आपला हा वायू एका वर्षात ५५ उकाई भरेल.

आता गंमत सुरू होते. एवढं अवाढव्य बोचकं न्यायचं कसं? दाबून. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर तापवला आणि हवेच्या ७४ पट दाबाखाली ठेवला की तो ना धड वायू राहतो ना धड द्रव. वजनाला द्रवासारखा, वाहायला वायूसारखा. ही किमया कशी होते ते पदार्थविज्ञानवाल्यांवर सोडू. आपल्याला त्याचा आकडा हवा. पाइपलाइनीत दाब साधारण १०० पट ठेवतात. घरच्या कुकरची शिटी उडते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एकपट जास्त असतो. इथं शंभर पट! किंवा असं समजा, एक किलोमीटर खोल विहीर खणली आणि पाण्यानं भरली, तर तिच्या तळाशी असेल तेवढा हा दाब.

या दाबाखाली एक टन वायू, ज्याला मघाशी १.६ विहिरी लागत होत्या, तो २०० लिटरच्या सात पिंपांत जाऊन बसतो. सुमारे ३८० पट आकुंचन. ५५ उकायांचा वायू एका उकाईच्या सातव्या हिश्श्यात! आणि २४ इंची पाइप घेतला, म्हणजे आडवा ठेवला तर शाळकरी पोरगं आत रांगत जाईल एवढा, तर त्याच्या फक्त साडेतीन मीटर तुकड्यात आपली ती शहाद्याची सबंध विहीर मावते. एका किलोमीटरमध्ये तीनशे विहिरी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे. तेवढ्या लांबीच्या पाइपात अठ्ठावीस हजार विहिरी गपगार पडून असतील आणि वरून गाड्या शंभरच्या वेगानं जात राहतील.

अमेरिकेत असे पाइप आहेत. एकूण ८ हजार किलोमीटरहून जास्त. त्यातला कॉर्टेझ नावाचा एक कोलोरॅडोतून निघून टेक्सासात उतरतो, ८०० किलोमीटर लांब, ३० इंची, १९८४ पासून चालू. मुंबईहून नागपूरला रेल्वेनं जाण्याइतका पल्ला. वर्षाला अडीच कोटी टनांच्या घरात वायू नेण्याची त्याची ताकद. मात्र तो धूर गाडायला घातलेला नाही. जमिनीतूनच निघालेला वायू जुन्या तेलविहिरींत घुसवून तळाचं तेल वर ढकलायला घातलेला आहे. तरी मापासाठी तोच बरा. भारताचे ७५ कोटी टन न्यायचे तर असे तीस कॉर्टेझ लागतील.

तर मग नंदुरबारचा यात काय संबंध? पाइप अजून एकही नाही. जिल्ह्यात हजिऱ्यासारखे पोलादाचे कारखाने नाहीत, कोयलीसारखी रिफायनरी नाही. पण जिल्ह्याखाली जे आहे ते तुमच्या-माझ्या कल्पनेबाहेरचं आहे.

काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वर आला, थरावर थर साचला, आणि आज पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. महाराष्ट्र तीन लाखांचा. म्हणजे सबंध महाराष्ट्र झाकून वर आणखी दोन लाख उरतात. किल्लारीला भूकंपानंतर भोक पाडलं तेव्हा ३३८ मीटरवर हा दगड संपला. कोयनेला पाडलं तेव्हा तो संपायला सव्वा किलोमीटर जावं लागलं!

आणि जमीन जिथून फाटली त्या फटींतल्या कितीतरी फटी नंदुरबार-धुळ्यात आहेत. फटीतच थिजून गेलेला लाव्हा आता भिंतींसारखा उभा आहे. आजूबाजूचा मऊ खडक झिजला, भिंती राहिल्या. रस्त्यानं जाताना दिसतात त्या: माळावरून सरळ पूर्व-पश्चिम निघालेली काळी धार, जवळ गेलं तर सरपणाची मोळी रचल्यासारखे दगडाचे आडवे कोनेदार खांब, फटींतून उगवलेलं निवडुंग, वर बसलेला गुराखी. आपण त्याला टेकडी म्हणतो आणि पुढं जातो. २००७ साली भूशास्त्रज्ञांनी या भिंतींची मोजदाद छापली. एक किलोमीटरहून लांब भिंती किती? २१०! पसारा १४,५०० चौरस किलोमीटर, जवळजवळ चार गोवा. जाडी कुठं ३ मीटर, कुठं ६२. आणि सगळ्यांत लांब भिंत ७९ किलोमीटर. कळंबोलीहून एक्स्प्रेस वेला लागा, खंडाळ्याचा घाट चढा, लोणावळा मागं टाका, तरी भिंत संपलेली नाही. एक भिंत. कुणा राजानं बांधली असती तर तिच्यावर पोवाडे झाले असते.

या दगडाचा भाव वाढण्याचं कारण असं की कार्बन डायऑक्साइड त्यात मुरला की त्याचा हळूहळू दगड होतो. आइसलंडमध्ये कार्बफिक्स नावाच्या प्रयोगात ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दोन वर्षांच्या आत दगड झाला, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. वायूचा दगड! परत वर येण्याची भीतीच नको. नीती आयोगाच्या अहवालात भारतातल्या या काळ्या पाषाणाची कागदावरची क्षमता शंभर ते तीनशे अब्ज टनांच्या घरात धरलेली आहे. तीनशे अब्ज घेतले आणि वर्षाला ७५ कोटी टनांनी भरत गेलो तर ४०० वर्षं पुरेल. शिवराज्याभिषेकाला अजून ४०० वर्षं व्हायची आहेत. सगळ्यांत कमी आकडा धरला तरी सव्वाशे वर्षांच्या वर जातो.

पण हा आकडा ऐकून फटाके वाजवण्याआधी दुसरी बाजू मोजू. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात वालुला नावाच्या गावी २०१३ मध्ये अशाच काळ्या पाषाणात वायू सोडून पाहिला. किती? ९७७ टन. भारताला दर सेकंदाला २४ टन गाडायचे आहेत. वालुलाचा सबंध प्रयोग आपल्याकडं ४१ सेकंदांत उरकला असता. आइसलंडवाल्यांनी २०१४ पासून एक लाख टनांहून जास्त गाडले. एक लाख टन म्हणजे आपले सत्तर मिनिटं. नंदुरबारहून निघालेली पॅसेंजर नवापूरला पोचायच्या सुमारास आइसलंडची कित्येक वर्षांची कमाई संपलेली असेल. सगळ्या जगाचे आजचे सगळे प्रकल्प मिळून वर्षाला पकडतात सुमारे पाच कोटी टन. आपल्याला एकट्याला त्याच्या पंधरा पट हवेत.

आणि पाणी! आइसलंडच्या पद्धतीत वायू आधी पाण्यात विरघळवून मग खाली सोडतात, सोडावॉटर करून. एका टनाला साधारण २५ टन पाणी. त्यांना काय, चहूकडे पाणीच पाणी. इथं हिशेब करून बघा. रोज एक लाख लिटर इथेनॉल काढणारी एक डिस्टिलरी घ्या. उसाची मळी आंबते तेव्हा टाकीत फसफसून जो वायू वर येतो तो जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड असतो. लिटरमागे पाऊण किलो. म्हणजे रोज ७५ टन, १२० विहिरी. तेवढा वायू विरघळवायला रोज १९ लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे १९० टँकर! एका डिस्टिलरीसाठी, रोज. अक्राणीत एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन झऱ्याला उतरतात तिथं हे १९० टँकर कुठून आणणार? देशाच्या ७५ कोटी टनांना याच पद्धतीनं गाडायचं तर वर्षाला अडीच उकाई पाणी. (वालुलाची पद्धत कोरडी होती, नुसता दाबलेला वायू. तिला पाणी लागत नाही. आपल्याकडं चालली तर तीच चालेल, असं मला वाटतं.)

इथेनॉलचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू, कारण इथेनॉल आणि पाइपलाइनीचा वाद यांचं नातं अमेरिकेत जुळलेलं आहे. कोळशाच्या चिमणीतून जो धूर निघतो त्यात कार्बन डायऑक्साइड १२-१४ टक्के. बाकीचा गाळून काढायलाच खर्च. इथेनॉलच्या टाकीवर तो आयता शुद्ध मिळतो. देशात २०२३-२४ च्या हंगामात पेट्रोलमध्ये मिसळायला ७०० कोटी लिटर इथेनॉल गेलं. त्यातून फसफसून हवेत गेला सुमारे ५३ लाख टन वायू, ८५ लाख विहिरी. अमेरिकेत मक्यापासून इथेनॉल करतात, आणि तिथल्या समिट नावाच्या कंपनीनं पाच राज्यांतल्या ५७ इथेनॉल कारखान्यांना एका पाइपात ओवायचा घाट घातला. लांबी ४ हजार किलोमीटर. खर्च, कारखान्यांतली यंत्रं धरून, ८९० कोटी डॉलर. ८५ रुपयांचा डॉलर धरा: ७५ हजार कोटी रुपये. किलोमीटरमागे १९ कोटी.

अडलं कुठं? ना पैशात, ना पोलादात. शेतकऱ्याच्या बांधावर. मक्याच्या शेतातून पाइप न्यायला सक्तीनं जमीन घेता येईल का, यावर तिथल्या गावागावांत सभा झाल्या, कोर्टकज्जे झाले, आणि मार्च २०२५ मध्ये साउथ डकोटा राज्यानं कायदाच केला: कार्बन डायऑक्साइडच्या पाइपलाइनीसाठी सक्तीचं भूसंपादन नाही. ७५ हजार कोटींची योजना, चार हजार किलोमीटर, आणि मधल्या एका राज्याची एक सही.

आता आपल्या कायद्याकडं वळू. इथं आकडे एकदम लहान होतात, पण तेच जास्त चटका देतात. जमिनीखालून पाइप न्यायचा आपला कायदा १९६२ चा आहे, पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइनींसाठी जमिनीच्या वापराचा हक्क घेण्याचा. त्यात पेट्रोलियम आहे, नैसर्गिक वायू आहे, खनिजं आहेत. चिमणीतून पकडलेला धूर यातल्या कोणत्या खणात बसवायचा? २००६ चं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आहे, तेही पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायूचंच. कार्बन डायऑक्साइडच्या लांब पल्ल्याच्या पाइपलाइनीसाठी असा वेगळा कायदा आपल्याकडं अजून नाही. उद्या आला तर तो १९६२ च्या साच्यातूनच काढतील, असा माझा कयास. म्हणून तो साचा बघू.

सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं. हरकत घ्यायला मुदत २१ दिवस. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, खालून पाइप जातो, वर पुन्हा पीक घेता येतं. भरपाई म्हणून पिकाचं, झाडांचं नुकसान मिळतं, आणि वापराच्या हक्कापोटी त्या जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. रुपयातले दहा पैसे. आणि त्या पट्ट्यात तुम्हाला काय करता येत नाही? घर बांधता येत नाही. झाड लावता येत नाही. तलाव, बांध करता येत नाही. आणि विहीर खणता येत नाही! खालून दर साडेतीन मीटरला एक विहीर पळते आहे, आणि वर ज्याची जमीन, त्याला एकही खणायची मुभा नाही.

पट्टा २० मीटर रुंद धरला तर किलोमीटरमागे पाच एकर. हजिऱ्याच्या पोलाद कारखान्यांपासून नंदुरबार सरळ रेषेत १७० किलोमीटरच्या आत आहे, मुंबई-पुण्याच्या रस्त्याहून थोडंसंच जास्त. भरूच जिल्ह्यातलं गंधारचं तेलक्षेत्रही साधारण तितकंच लांब. तिथं कोयली रिफायनरीचा वायू नेऊन जमिनीत सोडायचा करार ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांनी जुलै २०१९ मध्ये केला आहे. तेव्हा उद्या कुणी नकाशावर पट्टी ठेवून गुजरातच्या चिमण्या आणि खानदेशचा दगड एका रेघेनं जोडला तर आश्चर्य वाटू नये. १७० किलोमीटर. ८५० एकर. पाइपात एका वेळी ५० हजार विहिरी. एकरी १० लाख भाव समजा: जमिनीची किंमत ८५ कोटी, तिचे दहा टक्के साडेआठ कोटी. समिटच्या दरानं सबंध काम सव्वातीन हजार कोटींचं. शंभर रुपये खर्चात जमिनीच्या हक्काचे २६ पैसे!

पैशाची सोय मात्र सुरू झाली आहे. २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात वीज, पोलाद, सिमेंट, रिफायनरी आणि रसायनं या पाच उद्योगांतला कार्बन पकडण्यासाठी पाच वर्षांत २० हजार कोटी रुपये सांगितले आहेत. दिवसाला ११ कोटी. समिटच्याच भावानं, दुसरं काही न करता नुसते पाइपच घातले, तर साधारण १,०५० किलोमीटर होतील. दीड समृद्धी महामार्ग.

कायद्याच्या बाबतीत नंदुरबारचा कागद इतर जिल्ह्यांपेक्षा जाड आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण आणि शहादा, नंदुरबारचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी नाहीतर योग्य स्तरावरच्या पंचायतीशी सल्लामसलत व्हायला हवी. २००६ चा वनहक्क कायदा आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडं जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत ३६-अ आहे. पण नुसता ‘वापराचा हक्क’ म्हणजे भूसंपादन का? सातबारा हललाच नाही तर हस्तांतरण झालं का? आणि २१ दिवसांत नर्मदाकाठच्या त्या गावांत, जिथं दवाखानासुद्धा पाण्यावर तरंगत येतो, राजपत्र कोण वाचून दाखवणार?

हे प्रश्न वकिली वाटतील. म्हणून शेवटी एका रात्रीचा हिशेब.

२२ फेब्रुवारी २०२०, मिसिसिपी राज्य, सटार्शिया नावाचं चिमुकलं गाव. पाऊस खूप झाला होता, टेकडीची माती सरकली आणि २४ इंची पाइपाचा जोड तुटला. आपण मोजत होतो तसलाच २४ इंची. बाहेर पडलं ५० लाख लिटर दाबलेलं द्रव्य, दहा हजारी टँकर घेतले तर पाचशे. हवेत येताच ते पुन्हा फुगलं, ३८० पट. पाच हजारांहून जास्त विहिरी, एका संध्याकाळी, एका भोकातून! हा वायू हवेच्या दीडपट जड. वर जात नाही, पाण्यासारखा उतार धरतो. ना रंग, ना ज्वाळा. मोटारींची इंजिनं बंद पडली, कारण त्यांनाही श्वास लागतो, पळायचं कशात? दोनशे लोक हलवले, ४५ जण रुग्णालयात पोचले. मेलं कुणी नाही, हे नशीब. पाइपाच्या कंपनीच्या धोक्याच्या नकाशात हे गाव नव्हतंच. तिथवर वायू पोचणार नाही असा त्यांचा हिशेब होता.

तेवढा वायू किती पसरेल? माणूस झपाट्यानं धोक्यात येतो ते प्रमाण हवेत ४ टक्के. कागदावर, वारा पूर्ण थांबला असं धरून, दोन मीटर उंचीचा थर केला तर २४ चौरस किलोमीटर. सहा हजार एकर! प्रत्यक्षात वारा मदतीला येतो, पण सातपुड्याची खोरी अरुंद आणि रात्री वारा पडलेला. खोऱ्यात जड वायू काय करतो ते १९८६ मध्ये कॅमेरूनमध्ये दिसलं. न्योस नावाच्या तळ्यातून नैसर्गिक कार्बन डायऑक्साइड एका रात्रीत उसळला, ओढ्यांच्या वाटांनी २५ किलोमीटरपर्यंत उतरला आणि सतराशेहून जास्त माणसं गेली. तिथं पाइप नव्हता, कंपनी नव्हती, फक्त उतार होता. तोरणमाळचा घाट डोळ्यांसमोर आणा, पावसाळ्यात तिथं येणाऱ्या दरडी आणा, आणि खालच्या पाड्यांची घरं कुठं आहेत ते आठवा. ओढ्याच्या काठीच ना?

सटार्शियानंतर अमेरिकेचे नियम तपासले गेले तेव्हा कळलं की ते ९० टक्क्यांहून शुद्ध आणि प्रचंड दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडलाच लागू आहेत. त्याच पाइपात तो साध्या वायूच्या रूपात नेला तर नियम लागत नाहीत! जानेवारी २०२५ मध्ये नवा मसुदा आला, वायू आणि द्रव दोन्ही धरणारा. काही दिवसांत सरकार बदललं आणि मसुदा मागं घेतला गेला. ८ हजार किलोमीटर पाइप, पन्नास वर्षांच्या आसपासचा अनुभव, तरी ही तऱ्हा.

आपल्याकडं पाटी कोरी आहे, आणि मला वाटतं हे भाग्यच. कारण पाइप फुटला की किती वायू सुटणार, हे ठरतं एका साध्या आकड्यावर: दोन व्हॉल्व्हमधलं अंतर. फुटल्यावर दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद झाले की मधला तेवढाच रिकामा होतो. नियमात २० किलोमीटर लिहिलं तर ६ हजार विहिरी. सबंध सटार्शिया आणि वर थोडं. १० लिहिलं तर ३ हजार. ५ लिहिलं तर दीड हजार. गावाजवळ १ लिहिलं तर तीनशे. प्रत्येक व्हॉल्व्हला पैसे पडतात, म्हणून कंपनीला मोठा आकडा हवा असणार. खालच्या पाड्याला लहान. १२० कोटी विहिरी, ५१४ मालगाड्या, ७९ किलोमीटरची भिंत, ४०० वर्षांची कोठी, या सगळ्या अजस्र आकड्यांच्या शेवटी नंदुरबारच्या माणसाच्या कामाचा आकडा हा एवढाच, एक नाहीतर दोन अंकी. नियमांत त्याची जागा अजून रिकामी आहे.